खाऱ्या जमिनीचे वैद्य : डॉ. हॅरॉल्ड मॅन

उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातील कालव्याकाठची काही शेते नीट पाहा. काळ्या मातीवर पांढरा थर दिसतो. तो चुना नव्हे. ते जमिनीतून वर आलेले क्षार असतात. शेतकरी याला मीठ फुटणे म्हणतात. मीठ फुटले की ऊस खुरटतो आणि शेवटी चांगली जमीन पडीक पडते. या रोगाचा कसून अभ्यास करणाऱ्या एका शास्त्रज्ञाची ही ओळख.

हॅरॉल्ड मॅन यांचा जन्म 1872 साली इंग्लंडमध्ये झाला. ते रसायनशास्त्र शिकले. 1900 साली ते हिंदुस्थानात आले व चहाच्या पिकावर संशोधन करू लागले. पुढे 1907 साली ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

त्या वेळी बारामतीकडचे शेतकरी अडचणीत होते. 1885 साली नीरा डावा कालवा सुरू झाला होता. पाणी आले, ऊस आला. पण काही वर्षांतच मीठ फुटू लागले. ज्या पाण्याने भरभराट केली, त्याच पाण्याने जमीन का बिघडावी? मॅन यांनी ताम्हणे या सहकाऱ्यासह तेथील जमिनींचा अभ्यास केला. 1910 साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

कारण असे. मातीत सोडियमचे अनेक क्षार मिसळलेले असतात. साधे मीठ, सोडियम सल्फेट आणि सोडा हे त्यांपैकी होत. पिकाला पाणी जास्त झाले आणि निचरा नसला, तर जमिनीखालचे पाणी वर येते. वातीतून तेल चढते तसे खारे पाणी मातीतून चढते. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात.

हे क्षार पाण्यात सारखे विरघळत नाहीत. 20 अंश सेल्सियसला 100 ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे 36 ग्रॅम विरघळते, खाण्याचा सोडा मात्र 10 ग्रॅमपेक्षा थोडा कमीच. आता घरी एक प्रयोग करा. एका पेल्यात साधे पाणी घ्या. दुसऱ्या पेल्यातील पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घाला आणि वरचे स्वच्छ पाणी वेगळे घ्या. दोन्हींत दोन-दोन चमचे खाण्याचा सोडा ढवळा. साध्या पाण्यात तो विरघळेल. मिठाच्या पाण्यात बराचसा तळाशी बसेल. दोन्ही क्षारांत सोडियम आहे. पाण्यात सोडियम आधीच भरपूर असला, की दुसऱ्या क्षाराला विरघळणे कठीण जाते.

म्हणून खारी जमीन धुवायला गोडे पाणी लागते, आणि ते वाहून जायला वाट लागते. शेतात खोल चर काढणे, पाणी बेताने देणे, हाच मुख्य उपाय. चोपण जमिनीत जिप्समही घालतात. त्यातील कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो.

मॅन प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. पिंपळे सौदागर व जातेगाव बुद्रुक या गावांतील शेतकऱ्यांची जमीन, कर्ज आणि मिळकत यांचीही त्यांनी पाहणी केली. पुढे ते मुंबई इलाख्याचे शेती संचालक झाले. निवृत्तीनंतर मायदेशी जाऊनही त्यांनी शेतीसंशोधन चालू ठेवले. 1961 साली ते वारले.

1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेचे पाणी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतांत खेळू लागले. नीरेकाठचा धडा इथेही लागू पडतो. मुलांनो, पाणी आणणे जितके महत्त्वाचे, तितकेच जास्तीच्या पाण्याला वाट देणे महत्त्वाचे आहे. आपल्या शेतात चर बुजलेला दिसला, तर घरच्या मोठ्यांना हे जरूर सांगा.