भूकंपांचा मागोवा घेणारे जॉन मिल्न

जॉन मिल्न यांचा जन्म इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं ३० डिसेंबर १८५० रोजीं झाला. खाणी व भूस्तर यांच्या विद्येंत प्रावीण्य मिळविल्यावर त्यांस जपानांत टोकियो येथील एंजिनिअरिंग कॉलेजांत अध्यापकाची जागा मिळाली. सायबीरियांतून खडतर प्रवास करून ते १८७६ सालीं तेथें पोहोंचले.

२२ फेब्रुवारी १८८० रोजीं योकोहामास भूकंपाचा मोठा धक्का बसला. जमीन किती व कोणत्या दिशेनें हालली, हें नेमकें सांगणारें साधन हवें, असें मिल्न यांस तीव्रतेनें वाटलें. त्याच वर्षीं त्यांच्या पुढाकारानें जपानची भूकंपसंस्था स्थापन झाली. युइंग व ग्रे या सहकाऱ्यांसह त्यांनीं आडव्या लंबकाच्या यंत्रावर परिश्रम केले. जमीन हालली तरी जड लंबक क्षणभर जागींच राहतो, आणि त्याची सुई काजळी धरलेल्या कांचेवर कंपनाची रेघ उमटविते, अशी ती योजना होती.

परंतु यंत्र ज्या जमिनीवर उभें, तिचीच हालचाल तें सांगणार! म्हणून मिल्न यांनीं कॉलेजच्या आवारांत निरनिराळ्या जागीं यंत्रें बसविलीं, व सर्वांवर काळाची खूण एकाच क्षणीं उमटावी यासाठीं तीं विजेच्या तारांनीं जोडलीं. तेव्हां दिसून आलें कीं, एकाच धक्क्यानें मऊ जमीन कठीण जमिनीहून अधिक हालते. १८९१ सालीं मिनो-ओवारी प्रांतीं झालेल्या भूकंपांत सात हजारांवर माणसें दगावलीं. घर कोठें व कसें बांधावें, हें जाणणें किती अगत्याचें आहे, तें त्या अनर्थानें सर्वांस पटविलें.

फेब्रुवारी १८९५ मध्यें मिल्न यांचें घर, ग्रंथसंग्रह व वेधशाळा आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलीं. वीस वर्षांच्या श्रमांची अशी राख झाली असतांही त्यांनीं धीर सोडला नाहीं. पत्नी तोने यांसह ते इंग्लंडास परतले, आणि वाइट बेटांतील शाइड या गांवीं त्यांनीं पुनश्च आरंभ केला. जगाच्या दूरदूरच्या भागांत एकाच जातीचीं यंत्रें बसवावीं व सर्वांच्या नोंदी एकत्र ताडून पाहाव्या, हा त्यांचा नवा संकल्प होता. थोड्याच वर्षांत तो सिद्धीस गेला. आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतही मिल्न यांचें यंत्र बसविण्यांत आलें होतें.

३१ जुलै १९१३ रोजीं त्यांचें निधन झालें. विद्यार्थिमित्रहो, भूकंप टाळणें मिल्न यांच्या हातीं नव्हतें. त्याची खरी नोंद ठेवणें मात्र होतें, आणि तें काम त्यांनीं सर्वस्व जळाल्यावरही सोडलें नाहीं.