भावाची गादी सहा वर्षं सांभाळली, पण तिच्यावर कधी बसला नाही! बेल्जियमच्या प्रिन्स चार्ल्सची गोष्ट

धाकट्या भावाच्या हाती सत्ता आली की थोरल्याची गादी जाते, असे किस्से इतिहासात ढीगभर सापडतील. बेल्जियमच्या प्रिन्स चार्ल्सने मात्र गादी सांभाळली आणि वेळ आली तेव्हा सोडूनही दिली.

चार्ल्सचा जन्म १९०३ चा, राजा पहिला अल्बर्टचा धाकटा मुलगा. पहिल्या महायुद्धात त्याला इंग्लंडला पाठवलं, तिथे तो नौदलाचं शिक्षण शिकला. १९३४ मध्ये कडा चढताना पडून वडील गेले आणि थोरला भाऊ लिओपोल्ड राजा झाला.

मे १९४० मध्ये हिटलरच्या फौजा देशात घुसल्या. मंत्र्यांचं न ऐकता लिओपोल्डने शरणागती पत्करली. मंत्री लंडनला गेले, राजा जर्मनांच्या नजरकैदेत. हजारो बेल्जियन सैनिक जर्मन छावण्यांत असताना १९४१ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं, तेही अनेकांना खुपलं. जून १९४४ मध्ये जर्मनांनी त्याला जर्मनीला नेलं. चार्ल्स मात्र स्पा गावाजवळ खोट्या नावाने लपून राहिला.

सप्टेंबरात ब्रुसेल्स मुक्त झालं, पण राजाच नव्हता. मग संसदेने चार्ल्सला रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, म्हणून निवडलं.

१९४५ मध्ये लिओपोल्ड सुटला, पण त्याच्या परतण्यावरून देश दुभंगला होता. तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला. चार दिवसांचं काम सहा वर्षं चाललं. याच काळात बेल्जियममध्ये सामाजिक सुरक्षा योजना आली, १९४८ मध्ये महिलांना संसदेसाठी मताचा हक्क मिळाला आणि १९४९ मध्ये देश नाटोत गेला.

मार्च १९५० मध्ये जनमत घेतलं. सुमारे ५८ टक्के लोक लिओपोल्डच्या बाजूने होते. पण फ्लँडर्समध्ये ७२ टक्के, तर वॉलोनियात फक्त ४२. जुलैमध्ये राजा परतला, चार्ल्स बाजूला झाला. लगेच संप आणि दंगली पेटल्या, गोळीबारात माणसं मेली. शेवटी लिओपोल्डने अधिकार १९ वर्षांच्या मुलाकडे, बोदुआँकडे सोपवले.

राजेशाही टिकली, पण चार्ल्सच्या वाट्याला कौतुक आलं नाही. लिओपोल्डच्या समर्थकांना तो भावाची जागा बळकावणारा वाटायचा. तो ऑस्टेंडजवळ रावरसेदला समुद्रकाठी जाऊन राहिला आणि 'कारेल व्हान व्लांडेरेन' या नावाने चित्रं काढू लागला.

१९८३ मध्ये तो गेला. बेल्जियमच्या राजांच्या यादीत त्याचं नाव नाही. पण ती यादी पुढे सुरू राहिली, त्यात त्याच्या सहा वर्षांचा वाटा मोठा आहे.