कवी आणि टीकाकार अत्तेरबोम

युरोपच्या उत्तरेस स्वीडन नावाचा देश आहे. हिवाळ्यात तेथे दिवस फार लहान असतात, त्यामुळे प्रकाशाचे मोल तेथील माणसांस अधिक कळते. या देशातील कवी पेर दानिएल आमादेउस अत्तेरबोम यांनी आपल्या वाङ्मयसेवेचा आरंभ केला, तोही पहाटेचे नाव घेऊनच.

त्यांचा जन्म १९ जानेवारी १७९० रोजी एका खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. १८०५ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, अत्तेरबोम उप्साला येथील विद्यापीठात दाखल झाले.

त्या काळी स्वीडनच्या साहित्यात स्वीडिश अकादमीचा शब्द प्रमाण मानला जाई. राजा तिसरा गुस्ताव याने १७८६ मध्ये ही संस्था स्थापन केली होती. (१९१३ साली रवींद्रनाथ ठाकूर यांना नोबेल पारितोषिक देण्याचा निर्णय घेतला, तो याच अकादमीने.) अकादमीतील वडीलधाऱ्या मंडळींना फ्रेंच धाटणीची, घोटीव आणि नियमांत चोख बसणारी कविता प्रिय होती. अत्तेरबोम व त्यांचे मित्र मात्र जर्मन कवी आणि तत्त्वज्ञ यांच्या ग्रंथांत रमत. कवितेत कल्पनेला आणि अंतःकरणातील गूढ ओढीला वाव हवा, असे त्यांना वाटे. १८०७ साली या तरुणांनी एक मंडळ काढले व पुढे त्यास 'अरोरा', म्हणजे उषा, असे नाव दिले.

१८०९ साली स्वीडनमध्ये राज्यक्रांती झाली आणि पुढच्याच वर्षी मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा आला. मनातील विचार छापण्यास आता मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी या मित्रांचे 'फॉस्फोरोस' हे मासिक निघाले. फॉस्फोरोस म्हणजे प्रभाततारा. या मासिकातून जुन्या पंथावर कठोर टीका होऊ लागली. अत्तेरबोम यांनी तर नियमांना चिकटून यमके जुळविणाऱ्या कवींची थट्टा करणारे एक नाटकही लिहिले. तेव्हा त्यांचे वय होते वीस! प्रतिपक्षही स्वस्थ बसला नाही. या तरुणांचे लेखन दुर्बोध आहे, असा आक्षेप त्याने घेतला, आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. १८१३ मध्ये मासिक बंद पडले.

१८१७ ते १८१९ या काळात अत्तेरबोम यांनी जर्मनी व इटली या देशांत प्रवास केला. ज्यांचे ग्रंथ त्यांनी भक्तिभावाने वाचले होते, त्या शेलिंग या तत्त्वज्ञाची भेट त्यांना येथेच घडली. परतल्यावर युवराज ऑस्कर यांना जर्मन भाषा शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले.

त्यांची सर्वांत मोठी काव्यकृती 'सुखाचे बेट' ही १८२४ ते १८२७ या काळात दोन भागांत प्रसिद्ध झाली. आस्तोल्फ नावाचा राजा फेलिसियाच्या अद्भुत बेटावर जातो व तिच्या सहवासात आनंदाने राहतो. त्याला तो काळ अल्प भासतो. परंतु जगात तीनशे वर्षे उलटलेली असतात. तो मायदेशी येतो, तेव्हा ओळखीचे काहीच उरलेले नसते, आणि अखेर काळ त्याला गाठतो. आपल्या पुराणांतील रैवत राजाची येथे आठवण होते. पण रैवताला परतल्यावर कन्येसाठी बलरामासारखा वर तरी मिळाला.

पुढे अत्तेरबोम उप्साला येथे १८२८ मध्ये तत्त्वज्ञानाचे, व १८३५ मध्ये सौंदर्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८३९ साली तर नवलच घडले. विशीत ज्या अकादमीची त्यांनी टर उडविली होती, तिनेच त्यांना सभासद म्हणून निवडले, आणि त्यांनीही तो मान स्वीकारला. काहींनी यास माघार म्हटले असेल. पण त्यानंतर त्यांनी जे काम हाती घेतले, ते पाहिले म्हणजे तसे म्हणवत नाही. स्वीडनमधील द्रष्टे व कवी यांची चरित्रे आणि त्यांच्या कृतींचे विवेचन करणारा एक विस्तृत ग्रंथ त्यांनी लिहावयास घेतला. त्यात त्यांनी गुस्ताव राजाच्या काळापर्यंतचे साहित्य घेतले. म्हणजे ज्या काळाने अकादमीस जन्म दिला, तोही त्यात आलाच. तरुणपणी हा काळ त्यांनी थट्टेने उडवून लावला होता. आता त्याच काळाची पुस्तके पुढ्यात घेऊन ते एकेका लेखकाचा स्वभाव, परिस्थिती आणि गुण सावकाश पारखीत बसले.

१८४१ पासून त्या ग्रंथाचे एकूण सहा भाग निघाले. २१ जुलै १८५५ रोजी अत्तेरबोम यांचे निधन झाले; शेवटचा भागही त्याच वर्षीचा आहे.