माणसांकडे कॅमेरा वळवणारे नामदेव व्हटकर

6 डिसेंबरला आम्ही मीरा रोड, भाईंदरहून लोकलने दादरला जातो आणि चैत्यभूमीचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन परततो. त्या दिवशी नामदेव व्हटकर यांची आठवण ठेवायलाच हवी.

सातारा जिल्ह्यातील मसूरचे व्हटकर हे लेखक आणि चित्रपटकर्मी. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत अंत्ययात्रा निघाली. चित्रीकरणासाठी हाती पैसा नव्हता. व्हटकरांनी आपली मालमत्ता गहाण टाकली आणि सुमारे 3000 फूट फिल्म चित्रित केली.

त्या फिल्ममध्ये शहर मागे राहते, दिसतात ती माणसे. पार्थिव नेणाऱ्या ट्रकभोवती लोटलेली, शोकाने खचलेली आपली माणसे. पुस्तकांत 'लाखोंचा जनसमुदाय' एवढीच नोंद असते. इथे त्या लाखोंना चेहरे आहेत. नावे मात्र नाहीत.

त्या गर्दीत असलेले आपले आजी-आजोबा आता मोजकेच उरले आहेत. यंदा त्यांचा फोटो घेऊया. ते कोणत्या गावाहून, कसे आले होते, हे विचारून त्यांच्या नावासह लिहून ठेवूया.

नामदेव व्हटकर यांना विनम्र अभिवादन!