टाक्यामागचे हात

आपल्याकडच्या भरतकामाच्या वर्गांत कच्छी टाका हौसेने शिकवला जातो. मूळचा सिंध आणि कच्छमधला हा गुंफणीचा टाका मीही शिकू लागले आणि त्याची रीत पाहून थक्क झाले. आधी कापडावर लांब तिरपे धागे एकमेकांवरून टाकून सांगाडा उभा करायचा. मग दुसऱ्या फेरीत सुई कापडात न टोचता त्या धाग्यांच्या खालून-वरून फिरवत नेायची आणि नक्षी गुंफायची. कुठला धागा वर, कुठला खाली, हे पहिल्याच फेरीत ठरते. तिथे गफलत झाली की दुसरी फेरी जुळत नाही. खेड्यातल्या बायका हा सगळा हिशेब डोक्यात ठेवतात. अशा हातांची कदर कुणी केली, याचा शोध घेताना मी कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या चरित्रापाशी पोचले.

३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूरच्या सारस्वत घरात त्यांचा जन्म झाला. लग्न लहानपणी झाले आणि लगेच वैधव्यही आले. पुढे कवी हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी त्यांनी पुनर्विवाह केला. त्या काळी हे सोपे नव्हते. १९२६ साली मद्रास प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक त्यांनी लढवली आणि थोडक्या मतांनी त्या हरल्या. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्या परिषदेच्या कामात त्या सुरुवातीपासून होत्या. मिठाच्या सत्याग्रहात स्त्रियांनाही उतरू द्यावे, असा आग्रह त्यांनी गांधीजींकडे धरला. १९३० साली त्यांनी मुंबईत मीठ विकले आणि तुरुंगवास पत्करला.

स्वातंत्र्यानंतर सत्तेची पदे समोर असताना त्या निर्वासितांकडे वळल्या. १९४८ साली त्यांनी इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन काढली. घरदार गमावलेल्या माणसांना भिकेपेक्षा काम हवे असते, हे त्यांनी ओळखले होते. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा त्यांच्याकडे आली. मग गावोगाव हिंडून कारागीर शोधणे, त्यांचा माल शहरात विकण्याची सोय लावणे आणि त्यांना मान मिळवून देणे, हेच त्यांचे आयुष्य झाले. १९६६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९८७ साली पद्मविभूषण. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मला त्यांचे मोठेपण एका गोष्टीत दिसते. बायकांच्या सुईकामाला आपण फावल्या वेळचा उद्योग म्हणतो. घरच्या माणसांसाठी केले तर माया, विकले तर दोन पैशांची मदत! कमलादेवींनी त्याला विद्या मानले, आणि विद्येला मोल असते. हस्तकला मंडळ २०२० साली सरकारने बरखास्त केले. पण त्यांनी उभा केलेला प्रश्न तसाच आहे. यंत्राची नक्कल दुकानात स्वस्तात मिळते आणि हाताने गुंफणारीची मजुरी आपल्याला जास्त वाटते.

पुढच्या खेपेस कच्छी भरतकामाचा कुडता घेताना भावाची घासाघीस करण्याआधी तो जरा उलटा करून पाहावा. गुंफण सगळी वरच्या बाजूला असते, उलट बाजूला धागा फारसा दिसतच नाही. ती करणारीचे तरी असे होऊ नये, यासाठी कमलादेवींनी आयुष्य वेचले.