क्रीडावीर बाळू पालवणकर

संघभावना आणि त्याग हे दोन शब्द शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांच्या वेळी हटकून उच्चारले जातात. परंतु संघासाठी त्याग कोणी करावयाचा, आणि ज्याने तो केला त्याचे ऋण संघाने कसे फेडावयाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. थोर क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांचे चरित्र वाचताना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे त्यांचे बालपण पुण्यास गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे पारशी मंडळींच्या एका क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रोलर फिरविणे हे काम बाळूंना मिळाले. वेतन दरमहा ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते ४ रुपयांवर इंग्रजांच्या पूना क्लबात रुजू झाले. तेथे जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजास ते सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकीत. त्यामुळे त्यांच्या डावखुऱ्या, मंदगती गोलंदाजीस विलक्षण अचूकपणा आला. मात्र फलंदाजीचा मान साहेबांचा. बाळूंच्या हाती तेथे बॅट कधी दिली गेली नाही.

त्यांच्या गोलंदाजीची कीर्ती पुण्यातील हिंदू क्लबाच्या कानी गेली. साहेबांना हरवावयाचे तर बाळू हवेत, हे सर्वांस कळत होते. पण अस्पृश्य मानलेल्या मनुष्यास संघात घ्यावे कसे, यावर मोठा वाद झाला. अखेरीस त्यांना संघात घेण्यात आले, तेही अर्ध्या मनाने. मैदानात सर्वजण एकाच चेंडूला हात लावीत. चहाची वेळ झाली की सोबती आत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात चहा दिला जाई. जेवणाचे पानही वेगळेच मांडले जाई. हा अपमान गिळून ते पुन्हा मैदानात उतरत आणि त्याच सोबत्यांसाठी बळी मिळवीत.

१८९६ च्या प्लेगनंतर ते मुंबईस आले. तेथे बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली व हिंदू जिमखान्याच्या संघात स्थानही मिळाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू व युरोपियन या संघांचा सामना झाला. हिंदूंनी दोन डावांत २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. १०९ धावांच्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, आणि बंधू शिवरामही त्यांच्याबरोबर खेळत होते. ज्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच हाताने संघाची लाज राखली. या विजयाने पुष्कळांचे डोळे उघडले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाला बहुतेक सामन्यांत हार पत्करावी लागली. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. संघ हरत असताना, आपल्या नावाला बाध येत नसतानाही, जीव ओतून खेळत राहणे सोपे नसते.

इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९१३ साली ते एम. डी. पै यांना देण्यात आले. त्या वेळी हा मान वडीलकीने व अनुभवाने बाळूंचा होता, असे खुद्द पै यांनीच सत्कारप्रसंगी बोलून दाखविले. १९२० सालच्या स्पर्धेत कर्णधारपदावरून पुन्हा अन्याय झाल्याचे पाहून शिवराम व विठ्ठल हे त्यांचे बंधू निषेध म्हणून संघाबाहेर पडले. लोकमत त्यांच्या बाजूने झाले. पुढील सामन्यात बाळू उपकर्णधार झाले. खेळ चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. तीनच वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्याने सोसले, धाकट्याला मान मिळाला.

पुढे बाळू राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. १९५५ च्या जुलै महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, बाळूंचा त्याग थोर होता. पण तो त्यांच्याकडून घेताना संघाला संकोच वाटला नाही, ही गोष्टही तितकीच ध्यानात ठेवली पाहिजे. एकानेच सोसावयाचे आणि इतरांनी विजयाचे पेढे वाटावयाचे, याला संघभावना म्हणता येणार नाही. पै यांनी मान बाजूला ठेवला आणि भावांनी संघातील जागा सोडली, तेव्हाच तो संघ या नावाला थोडासा पात्र झाला. आपल्या शाळेच्या मैदानावरही भल्या सकाळी फक्कीच्या रेषा आखणारा, दूर गेलेला चेंडू धावून आणणारा, राखीव म्हणून वर्षभर बाकावर बसणारा एखादा सोबती असतोच. ढाल जिंकाल त्या दिवशी त्याला हाक मारून आपल्या पंक्तीत बसवा. संघभावनेचा खरा धडा तेथे मिळेल.