एक माणूस, अनेक नावे : संगीतकार सी. रामचंद्र

बेंबळीतल्या एखाद्या वरातीत बँडवाल्यांनी ‘अलबेला’तल्या गाण्याची चाल धरली, की म्हाताऱ्याकोताऱ्यांचेही पाय थिरकू लागतात. नाचणारा भगवानदादांसारखे हात हलवतो. कारण पडद्यावर ते दिसतात. परंतु त्या गाण्यांतला भगवानदादांचा आवाज चितळकर यांचा आणि संगीत सी. रामचंद्र यांचे. ही दोन्ही नावे एकाच माणसाची होत, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय गायनाचे धडे घेतले. पुढे नट होण्याच्या ओढीने ते चित्रपटसृष्टीत गेले. ‘नागानंद’मध्ये नायकाचे काम मिळाले, पण त्या वाटेने यश आले नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करता करता बिंदू खाँ आणि हबीब खाँ या संगीतकारांना त्यांनी हार्मोनियमची साथ केली. श्रेयनामावलीत ज्याला जागा नसते, अशा साथीदाराचे जिणे त्यांनी जवळून पाहिले ते येथेच.

स्वतंत्र संगीत देण्याची पहिली संधी त्यांना तमिळ चित्रपटांनी दिली. नंतर भगवानदादांच्या ‘सुखी जीवन’ (१९४२) या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले, ते राम चितळकर या नावाने. काही चित्रपटांसाठी ते अण्णासाहेब झाले, तर एखाद्यासाठी श्यामू. अखेर सी. रामचंद्र हे नाव रूढ झाले आणि ‘शहनाई’ने (१९४७) ते देशभर पोहोचवले. ‘अलबेला’ (१९५१), ‘अनारकली’ (१९५३), ‘आझाद’ (१९५५), ‘नवरंग’ (१९५९) असे एकाहून एक सरस चित्रपट त्यांच्या खात्यावर जमा झाले.

पण खाते एकाचे असले, तरी कमाई एकट्याची असते काय? संगीतकार पेटीवर चाल बांधतो. कोणत्या जागी ट्रम्पेट, कोठे व्हायोलिन, हे ठरवून प्रत्येक वादकाचे स्वर कागदावर उतरवणारा संयोजक वेगळा असतो. त्या काळी मुंबईत हे काम बहुतांशी पाश्चात्त्य स्वरलेखन जाणणारे गोव्याचे वादक करीत. सी. रामचंद्रांचे साहाय्यक चिक चॉकलेट त्यांपैकीच एक. त्यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. ते नामांकित ट्रम्पेटवादक होते. ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो, पण १९६७ मध्ये ते वारले आणि आज जाणकारांपलीकडे त्यांचे नाव कोणी घेत नाही. ‘अनारकली’तही एक गाणे वसंत प्रकाश यांचे आहे, श्रोता मात्र सारा चित्रपट सी. रामचंद्रांचाच समजतो.

याची दुसरी बाजूही त्यांच्या वाट्याला आली. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर १९६२ च्या युद्धातील हुतात्म्यांवरचे गीत गायले गेले. ते गीत म्हटले की लताबाईंचे नाव प्रथम ओठांवर येते. कवी प्रदीप आणि चाल बांधणारे सी. रामचंद्र मागाहून आठवतात.

आजच्या तरुणांच्या हिप-हॉप संगीतातही हाच तंटा आहे. शब्द म्हणणारा एक, ताल रचणारा दुसरा, आणि तो ताल अनेकदा मुळात वाजवलेला असतो तिसऱ्यानेच. क्लाइड स्टबलफील्ड या अमेरिकन ढोलवादकाचा जेम्स ब्राउनच्या १९७० मधील ध्वनिमुद्रिकेतला एक तुकडा असंख्य गाण्यांत वापरला गेला. त्याला मात्र त्याचा मोबदला जवळजवळ मिळालाच नाही. २०१७ मध्ये तो वारला.

सी. रामचंद्रांनी ‘माझ्या जीवनाची सरगम’ (१९७७) हे आत्मचरित्र लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची थोरवी वादातीत आहे, आणि साथीदारांची नावे घेतल्याने ती उणी होत नाही. आपल्या स्नेहसंमेलनातही गाणाऱ्याला टाळ्या मिळतात. तेव्हा पुढच्या वर्षी पेटीवाल्याचे, ढोलकीवाल्याचे आणि चाल बसवणाऱ्याचे नाव पत्रिकेत छापावे. खर्च एका ओळीचा आहे.